फडाची मालकीण

ढोलकीवर पहिली थाप पडायच्या तीन-चार महिने आधीच तमाशाच्या फडाचा खर्च सुरू झालेला असतो. आषाढ-श्रावणात तंबूची कापडं घडी घालून ठेवलेली असतात, ट्रक दुरुस्तीला गेलेले असतात आणि फडमालकाच्या ओसरीवर माणसं येऊन बसतात. ढोलकीवाला येतो, सोंगाड्या येतो, नाचणाऱ्या मुली आपापल्या आयांबरोबर येतात. तंबू ठोकणारे, ट्रक चालवणारे, स्वयंपाक करणारे येतात. कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलेलं असतं, कुणाचं घर गळत असतं, कुणाकडे आजारपण असतं. येत्या हंगामात तुमच्याच फडात उभा राहीन, असा शब्द देऊन प्रत्येकजण काही रक्कम आगाऊ घेऊन जातो. तिला उचल म्हणतात. ही उचल हंगामभर पगारातून वळती होते. हंगाम पडला तर ती तशीच राहते आणि पुढच्या वर्षीच्या उचलीवर चढते.

मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं असतात. त्या सगळ्यांना ऐन पावसाळ्यात द्यायला फडमालकाच्या गाठीला पैसा नसतो, कारण मागच्या हंगामाची कमाई मागचं देणं फेडण्यात गेलेली असते. मग पैसा व्याजाने काढावा लागतो. गहाण ठेवायला जमीन नाही, आणि भांडवल म्हणजे माणसं, कापड न् वाद्यं. अशांना बँक दारात उभं करत नाही. सावकार करतो, आणि आपला दर लावतो. दसऱ्याला नारळ फुटतो तेव्हा फड आधीच कर्जात असतो. तिथून बुद्धपौर्णिमेपर्यंतचे सात महिने एकेका रात्रीच्या गल्ल्यातून त्या कर्जाखालून बाहेर यायचं असतं.

संगमनेरच्या कांताबाई सातारकरांनी हा व्यवहार उभा जन्म केला. २५ मे २०२१ रोजी करोनाने त्यांचं निधन झालं, तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या. मृत्युलेखांत त्यांच्या आवाजाबद्दल, अभिनयाबद्दल, त्यांनी रंगवलेल्या भूमिकांबद्दल लिहिलं गेलं आणि ते सगळं खरं होतं. पण तमाशातल्या बाईबद्दल लिहिताना आपली लेखणी रंगमंचावरून खाली उतरतच नाही. पडद्यामागे तीच बाई गल्ला मोजत होती, सावकाराला तोंड देत होती, शंभर माणसांच्या दोन वेळच्या भाकरीचं बघत होती, हे एखाद्या वाक्यात उरकलं जातं. एखाद्या तालुक्याच्या गावात कुणी शंभर माणसांना पगार देणारा कारखाना चालवला असता, तर आपण त्याला उद्योजक म्हटलं असतं, बाजार समितीच्या सभेत पुढची खुर्ची दिली असती. कांताबाईंचा कारखाना रोज रात्री नव्या गावात उभा राहायचा आणि पहाटे मोडला जायचा. म्हणून तो आपल्याला दिसला नसेल. मला या लेखात त्या कारखान्याच्या मालकिणीबद्दल लिहायचं आहे.

कांताबाईंचा जन्म १९३९ सालचा, गुजरातेतला. आईवडील साताऱ्याकडचे, पोटासाठी दगडखाणीवर कामाला गेलेले. कुटुंब साताऱ्याला परतलं आणि मुलगी लहानपणीच मेळ्यांतून नाचू-गाऊ लागली. पुढे वाट मुंबईकडे गेली. त्या काळी गिरणगावात तमाशाला हक्काचा प्रेक्षक होता. साताऱ्या-कोल्हापूरचा, पुण्या-नगरकडचा गडी पाळी संपवून लालबागच्या थिएटरात येऊन बसायचा आणि गावाकडची बोली ऐकून जीव निववायचा. तमाशा पैसे मोजून बघणारा हा प्रेक्षक फार जाणता होता. गाणं पडलं तर तो उठून जायचा. अशा प्रेक्षकापुढे उभं राहायला शिकलेल्या मुलीला पुढे गावोगावच्या तंबूंत कुणाची भीती वाटायचं कारण नव्हतं.

कांताबाई तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या. वग रंगवणारा नट म्हणून खेडकरांचं नाव त्या वेळी महाराष्ट्रभर होतं. लोक त्यांना वगसम्राट म्हणत. कामातली जोडी संसारातही जुळली. ढोलकी फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी झाली की मध्यरात्रीच्या सुमाराला वग सुरू होतो आणि खरा कस तिथे लागतो. लावणीला टाळी घेणं निराळं आणि पहाटे तीन वाजता हजारो माणसांना जागं ठेवून हरिश्चंद्राच्या दुःखाने रडवणं निराळं. कांताबाईंनी हे दुसरं काम आपलं मानलं. त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या, शिवाजी महाराजही उभे केले. नेसलेली नऊवारी उतरवून अंगरखा चढवायचा आणि त्याच रात्री तंबूतल्या त्याच लोकांकडून मुजरा घ्यायचा, ही ताकद सोपी नाही. तमाशात शतकानुशतकं पुरुषांनी बाईचं सोंग घेतलं, नाच्या पोऱ्या ही तर या कलेची जुनी रीत. तिथे एका बाईने राजाची भूमिका करावी आणि गावाने ती मान्य करावी, याला मी फार मोल देतो.

१९६४ साली तुकाराम खेडकर गेले. कांताबाई पंचविशीच्या होत्या आणि पदरात लहान मुलं होती.

फडाचा नायक गेला की मागे काय उरतं, हे समजून घेतलं पाहिजे. शेतकरी गेला तर शेत उरतं, दुकानदार गेला तर दुकान. फड हा माणसांच्या शब्दावर बांधलेला असतो. नायकाच्या नावावर सुपाऱ्या येतात, त्या थांबतात. कलावंत उचलीने बांधलेले असतात. नवा मालक जुनी उचल फेडून त्यांना घेऊन जातो. सावकाराचा हिशेब मात्र कुठे जात नाही. विधवा बाईला अशा वेळी दुसऱ्याच्या फडात नोकरी करणं हाच मार्ग असतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कांताबाईंनीही हालअपेष्टा सोसल्या. पण काही वर्षांनी त्या स्वतःचा फड घेऊन उभ्या राहिल्या आणि फडाच्या नावात मुलाचं नाव जोडलं. रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर तमाशा मंडळ, या नावाने तो पुढे गाजला. रघुवीर खेडकर मोठे सोंगाडे झाले, तमाशा परिषदेचे अध्यक्ष झाले. मुलीही त्याच रंगमंचावर वाढल्या. आईच्या मालकीचा, मुलगा आणि मुली कामाला असलेला, पुढे नातवंडांपर्यंत पोचलेला हा घरचा धंदा होता, आणि त्याचं बिऱ्हाड संगमनेरात होतं.

संगमनेर हे गाव तमाशाला परकं नाही. प्रवरेकाठच्या याच गावात पेशवाईत शाहीर अनंत फंदी होऊन गेले. संगमनेर तालुक्यातल्याच हिवरगावच्या पवळा या नर्तकीने शाहीर पठ्ठे बापूरावांच्या फडाला जे वैभव दाखवलं, त्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. नाशिक, पुणे, नगर या तिन्ही बाजूंच्या जत्रांना इथून जाता येतं. फडमालकाला राहायचं गाव निवडताना देवाच्या आधी रस्ता बघावा लागतो.

आता हंगामातला एक दिवस बघा. पहाटे वग संपतो. प्रेक्षक उठून रानाकडे, घराकडे जातात. तंबू उतरतो, रंगमंचाच्या फळ्या, लोखंडी खांब, पेट्या, दिवे, जनरेटर ट्रकवर चढतात. कलावंत मिळेल त्या जागी, बहुतेक वेळा प्रवासातच, झोपतात. पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या पुढच्या गावात पोचायचं, जागा बघायची, पोलिसांची परवानगी, ध्वनिक्षेपकाची परवानगी, वगाच्या संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र असेल तर ते जवळ ठेवायचं. चुली पेटतात. शंभर माणसांचं जेवण होतं. दुपारभर गाडी भोंगा लावून आसपासच्या वाड्यांवर फिरते. संध्याकाळी तिकिटाची खिडकी उघडते. गावाने ठरलेली रक्कम देऊन जत्रेसाठी फड बोलावला असेल तर ती सुपारी; त्यात पैसा कमी-जास्त पण खात्रीचा. कापडी कनात बांधून तिकिटावर खेळ लावला तर ती जोखीम फडाची. अवकाळी पाऊस आला, शेजारच्या गावात कुस्त्या असल्या, कांद्याचा भाव पडला असला, की कनात ओस पडते. कांद्याचा भाव मी मुद्दाम सांगितला. जुन्नर, संगमनेर, निफाड पट्ट्यातला प्रेक्षक शेतकरी आहे आणि त्याच्या खिशात काय आहे हे फडमालकाला बाजार समितीइतकंच कळावं लागतं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा हंगाम नुकता सुरू झाला होता. रोख पैशावर चालणाऱ्या या धंद्याला तो घाव फार खोल बसला.

आणि हे झालं पैशाचं. बाईच्या वाट्याला याखेरीज आणखी एक काम असतं, ते कुठल्या हिशेबाच्या वहीत येत नाही. फडात पंधरा-वीस तरुण मुली असतात. समोर दारू पिऊन आलेली माणसं असतात, शिट्ट्या असतात, कधी दगड येतात, कधी कपडे बदलायच्या कापडी खोलीची कनात कुणी फाडतो. गावच्या पुढाऱ्याची माणसं आत येऊन हुज्जत घालतात. त्या वेळी मुलींच्या पुढे कुणीतरी उभं राहावं लागतं. त्या मुलींच्या आयांनी आपली लेक फडात सोडली ती मालकिणीच्या भरवशावर. बाई मालकीण असलेल्या फडात मुली निर्धास्त राहतात, असं या व्यवसायातली माणसं मानतात, आणि मला ते पटतं. शंभर माणसांचा पगार वेळेवर होणं जसं मालकिणीचं काम, तसं वीस मुली सुखरूप घरी परतणं हेही तिचंच काम. आणि ज्यांच्या लेकी फडात होत्या, त्या घरांतली लहान मुलं गावाकडे आज्यांपाशी वाढत होती. तमाशाचा हंगाम चालतो तो अशा कितीतरी आज्यांच्या जिवावर. कुणी भाकरी थापते, कुणी नातवंडाला शाळेत पोचवते, तेव्हा कुठे रात्री गवळण उभी राहते.

कांताबाईंबद्दल लिहिताना नारायणगावच्या फडमालकीण विठाबाईंना बाजूला ठेवता येत नाही. दोघींची गावं एकाच पुणे-नाशिक रस्त्यावर, तास-दीड तासाच्या अंतरावर. विठाबाई कांताबाईंपेक्षा चार वर्षांनी मोठ्या. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. आजोबा नारायण खुडे यांनी फड काढला, वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो वाढवला, आणि भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने तो महाराष्ट्रभर फिरला. जातीचं नाव फलकावर ठळक लावून, त्याच नावावर गर्दी खेचणारं दुसरं कुठलं घराणं आपल्याकडे आहे, याचा विचार करून बघावा. ज्या माणसांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांचं नाव वाचून गाव तिकीट काढत होतं.

विठाबाईंची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पोटुशी असताना त्या नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर आल्या, असं सांगितलं जातं. ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो आणि सांगणारे ती कलेवरच्या निष्ठेची गोष्ट म्हणून सांगतात. मला त्यात निष्ठेच्या आधी दुसरं काही दिसतं. खेळ थांबला असता तर तिकिटाचे पैसे परत मागितले गेले असते, तंबूची मोडतोड झाली असती, आणि त्या रात्रीचा गल्ला गेला असता तर फडातल्या माणसांची दुसऱ्या दिवशीची चूल अडली असती. घराण्याच्या फडाचा भार अंगावर असलेल्या बाईला हे माहीत असतं. नवव्या महिन्यात नाचावं लागलं, याची हळहळ आपल्याला वाटायला हवी. त्या रात्री तिला सुट्टी देऊ शकेल अशी एकही व्यवस्था आपण उभी केली नव्हती, याची तर जास्तच.

विठाबाईंना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पारितोषिकं मिळाली. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. अखेरची वर्षं ओढाताणीत गेली, आणि त्यांच्या पश्चात दवाखान्याचं बिल देणगीदारांच्या मदतीने भरावं लागलं. दिल्लीत सन्मान झालेल्या, आयुष्यभर अनेक कुटुंबांना रोजगार दिलेल्या बाईच्या घरात दवाखान्यापुरता पैसा उरला नव्हता. यात त्यांच्या उधळपट्टीच्या कहाण्या शोधणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की फडाचा ताळेबंद एकदा वर मांडलेल्या क्रमाने वाचून बघा. आधी उचल, मग व्याज, मग सात महिने, मग पाच महिने बसून खाणं. यात मालकाच्या म्हातारपणासाठी काही बाजूला पडेल अशी फटच नाही. भविष्य निर्वाह निधी नाही, विमा नाही. लेकरं फडातच मोठी झाली की तीच म्हातारपणाची तरतूद. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा मोठा फड उभा केला आणि नातू नितीनकुमार त्या फडाचा नायक झाला. विठाबाईंच्या नावाचा फडही चालू राहिला.

राज्य सरकारने २००६ साली विठाबाईंच्या नावाने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पहिला मान कांताबाई सातारकरांना मिळाला. एका मालकिणीच्या नावाचा पुरस्कार दुसऱ्या मालकिणीच्या हाती गेला, यापेक्षा नेमकी निवड होणार नव्हती. पुढे तो मंगला बनसोडे यांनाही मिळाला. पुरस्कार द्यावेत, जरूर द्यावेत. पण या धंद्याला खरी गरज असते ती पावसाळ्यात, उचल वाटायच्या वेळी, बँकेच्या दराने मिळणाऱ्या खेळत्या भांडवलाची. शेतकऱ्याला पेरणीच्या तोंडावर पीककर्ज मिळतं, तसं फडाला हंगामकर्ज का मिळू नये? सुपाऱ्यांचे करार आहेत, वर्षानुवर्षांची जत्रांची यादी आहे, कोणत्या गावात कोणत्या तिथीला फड उभा राहणार हे पंचांगावरून सांगता येतं. इतका ठरलेला धंदा कर्ज द्यायला इतका अविश्वासाचा का वाटावा?

हा ठरलेपणा बघायचा असेल तर गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावला जावं. मोठमोठे फड तिथे आपापल्या राहुट्या टाकतात. राहुटी म्हणजे फडाचं तात्पुरतं कार्यालय. बाहेर फलक, आत सतरंजी, एक टेबल, तारखांची वही. जत्रा-उरूस भरवणाऱ्या गावांचे कारभारी जीपगाड्या भरून येतात, एका राहुटीतून दुसरीत जातात. कलाकार किती, नाचणाऱ्या मुली किती, सोंगाड्या कोण, वग कोणता, एवढं विचारून झालं की आकड्यावर घासाघीस होते. चैत्री पौर्णिमा, कालाष्टमी, अक्षय्य तृतीया या तिथींना मागणी इतकी की दर दुप्पट व्हावेत. मधल्या रिकाम्या तारखा पडेल भावात जातात. विसार दिला की नारळ-सुपारी हातात पडते. हंगामातला सगळ्यात मोठा पैसा या काही आठवड्यांत येतो. दसऱ्यापासून तिकिटावर ओढत आणलेला फड पाडव्याच्या सुपाऱ्यांवर श्वास घेतो. तमाशातल्या मालकिणीचं वर्ष जानेवारीत बदलत नाही, पाडव्याला बदलतं.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरातल्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस. राहुट्या गुंडाळल्या गेल्या, दिलेले विसार परत मागायला गावं फोन करू लागली, आणि उचल तर आदल्या पावसाळ्यातच वाटून झालेली होती. पुढच्या वर्षी हंगाम जरा धरेल असं वाटत असतानाच दुसरी लाट आली आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रा पुन्हा बंद झाल्या. ज्या कलावंतांनी हंगामावर घर चालवलं होतं, त्यांनी मोलमजुरी धरली, भाजी विकली. कांताबाई गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २६ मेला, बुद्धपौर्णिमा होती. एरवी हंगाम आटोपून फड ज्या दिवशी घराकडे वळतात, तो दिवस. त्या वर्षी आटोपायला हंगामच नव्हता. निरोपाला गर्दी करायला परवानगी नव्हती. ज्या बाईपुढे हजारोंचा जमाव बसायचा, तिच्यासाठी गावोगावच्या लोकांना घरातच हात जोडावे लागले.

त्या दोन वर्षांत तमाशा संपला, असं पुष्कळांनी लिहून टाकलं. तमाशाच्या मृत्यूची बातमी त्याआधीही अनेकदा छापून आली होती. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा, सिनेमाने गर्दी ओढली तेव्हा, घरोघर दूरचित्रवाणी आली तेव्हा, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याची सक्ती कायम केली तेव्हाही. हा शेवटचा नियम मला सगळ्यात जिव्हारी लागलेला वाटतो, कारण त्याने वगाची वेळच काढून घेतली. जो खेळ मध्यरात्रीनंतर रंगायचा, त्याला संध्याकाळच्या दोन-अडीच तासांत बसवायचं तर गाणी उरतात आणि वग कापला जातो. कांताबाईंची पिढी ज्या कामासाठी ओळखली गेली ते काम करायला आज रात्रच उरलेली नाही. शांततेचा कायदा योग्य आहे. रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या झोपेचा प्रश्न खरा आहे. तरी वर्षातून एकदा, जत्रेच्या एका रात्रीपुरती, गावाबाहेरच्या माळावर पहाटेपर्यंत परवानगी देता येणार नाही का, हा प्रश्न फडवाले इतकी वर्षं विचारत आहेत आणि तो रास्त आहे.

२ एप्रिल २०२२ ला पाडवा आला. त्याच दिवसापासून महाराष्ट्रातले करोनाचे निर्बंध उठले, आणि नारायणगावचा बाजार पुन्हा भरू शकला. फडांपुढे दोन वर्षांचं जुनं देणं होतं, काही कलावंत कायमचे दुसऱ्या कामाला लागले होते, काही या जगातच नव्हते. कांताबाई आणि विठाबाई यांच्या दोन्ही घरांतली मुलं-नातवंडं तरीही कामाला लागली. रघुवीर खेडकरांच्या फडाच्या नावात कांताबाई सातारकर हे नाव अजून आहे. जत्रेची सुपारी त्या नावाने ठरते आणि पावती त्याच नावाने फाटते.